उसना सूर

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत, आवाज बारीक करत करत, शेवटी एकदाचं गप्प झालं. दुपारचे अडीच वाजले होते. सगळी गल्ली जेवून आडवी झाली होती. साडेचार वर्षांची रेवा झोपली आहे या समजुतीवर स्नेहलनं पाऊण तास कॉलेजचं काम पुढ्यात घेतलं होतं. ती समजूत झाकणाबरोबरच खाली पडली.

"रेवा?"

"मी नाही पाडलं," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "मी फक्त लाडू बघत होते. झाकण आपलं आपण गेलं."

स्नेहलनं हसू दाबत स्टुलावर चढलेल्या लेकीला काखेत उचललं आणि शेंगदाण्याचा अर्धा लाडू तिच्या मुठीत दिला. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. सकाळपासून बारावीच्या मुलांचे प्रवेश एकेक करून कळत होते. तेवीस अर्जांपैकी बावीस लागले होते. हा तेविसावा.

तिनं उभ्याउभ्याच वाचलं. शर्वरी धनाजी हजारे. धातू आणि भट्टी तंत्र संस्था, नागपूर. निकाल: अर्ज परत. कारण: उसना सूर.

"आई, लाडू अर्धाच का?" रेवा विचारत होती. स्नेहलला ते ऐकूच आलं नाही.

विट्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात स्नेहल बाबर प्रवेश-सोबती होती. बारावीच्या मुलांपाशी बसायचं, कुणाला कशाची ओढ आहे ते काढून घ्यायचं, कुठल्या गावी कुठलं शिक्षण मिळतं ते शोधायचं, अर्ज भरायचा आणि मग सगळ्यात अवघड म्हणजे मुलाला श्रोत्यासमोर बसण्यासाठी तयार करायचं, असं ते काम.

श्रोता येण्याआधी महाविद्यालयं अर्जासोबत लेखी निवेदन मागत. मग निवेदनं यंत्रं लिहायला लागली. लाखभर मुलांची निवेदनं 'लहानपणापासूनच मला' या शब्दांनी सुरू व्हायची आणि आजोबांच्या आठवणीनं संपायची. ज्यांनी आजोबा कधी पाहिलेच नव्हते त्यांचीसुद्धा. नुसत्या गुणांवर घ्यावं, तर गुण कसे पिकवायचे हे मोठ्या शहरांतल्या शिकवण्यांना पाठ होतं. तेव्हा काही भाषाशास्त्रज्ञ आणि मेंदूचा अभ्यास करणारे लोक एकत्र आले आणि त्यांनी ऐकणारं यंत्र बनवलं. तोच हा श्रोता.

मुलानं चाळीस मिनिटं बोलायचं, श्रोत्यानं ऐकायचं, मध्ये एखादा साधा प्रश्न विचारायचा. तो मुलाचं आडनाव बघत नाही, गाव बघत नाही. काय सांगितलं यापेक्षा ते कसं सुचलं, हे तो ऐकतो. माणूस स्वतः जगलेलं सांगतो तेव्हा वाक्य त्याच्याकडे तयार नसतं. चित्र आधी येतं, शब्द मागून धावत येतो. त्या धावण्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा, कधी अर्धा सेकंद लागतो. आणि तो थांबा भलत्याच ठिकाणी पडतो, बहुतेक वेळा नेमक्या शब्दाच्या तोंडावर. श्वास अर्ध्यात तुटतो, स्वर केसभर चढतो. पाठ केलेलं बोलताना मात्र थांबे शिस्तीत, जिथं लिहिताना विराम दिला असता तिथंच. साध्या कानाला हा फरक लागत नाही.

शिवाय प्रत्येकाच्या बोलण्याला त्याची त्याची लय असते, अंगठ्याच्या ठशासारखी. श्रोता तो ठसाही काढतो. बोलणाऱ्याच्या लयीवर दुसऱ्या कुणा एकाचा ठसा पस्तीस टक्क्यांहून जास्त निघाला, की अर्ज परत. पुन्हा ऐकवायची संधी एकदाच, बारा दिवसांच्या आत.

स्नेहलचा या यंत्रावर जीव होता. विट्यासारख्या गावातली, शिकवणी न लावलेली पोरं त्याच्यामुळे कुठं कुठं जाऊन पोचली होती. ते चुकलं असेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणजे शर्वरीला कुणीतरी पढवलं होतं. कोणी, एवढंच तिला कळत नव्हतं.

सोमवारी प्राचार्य यादव सरांनी दोघींना बोलावलं. शर्वरी खुर्चीच्या मागे, तिची पाठ धरून उभी होती.

"बस गं."

"नाही सर, ठीक आहे."

यादव सरांनी पडद्यावर तिचा आलेख उघडला. निळी रेघ, बारीक चढउतारांची. "एकसष्ट टक्के," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही त्या यंत्राला जरा चार वाक्यं सांगा. कशावरबी. आज डब्यात काय आणलंय ते सांगा."

"मी?"

"सांगा तर."

स्नेहल बोलली. मेथीची भाजी केली होती, लेकीनं तिच्यातले लसणाचे तुकडे वेचून काढले, मग तीच भाजी डब्यात भरून आणली, असं काहीबाही. पडद्यावर तांबडी रेघ उमटत गेली. सरांनी बोटानं ती उचलून निळ्या रेघेवर ठेवली.

जुळ्या बहिणी एका पांघरुणात झोपाव्यात तशा दोन्ही रेघा एकमेकींत बसल्या.

बाहेर मैदानावर कुणीतरी खो-खोचा खांब ठोकत होतं.

"मॅडम, मी खोटं काही बोलले नाही," शर्वरी म्हणाली. अगदी स्नेहलसारखं. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली ठेवत.

"तू नाही गं," स्नेहल म्हणाली. "मी."

शर्वरीचा जन्म तमिळनाडूतल्या सेलमचा. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं कित्येक पिढ्या देशभर गलाईच्या धंद्यात पांगलेली आहेत. सोनारांच्या दुकानातली झाडलेली माती जाळून, आटवून, तिच्यातलं सोनं-चांदी वेगळं काढून द्यायचं, हे त्यांचं काम. शर्वरीचा बाप धनाजी चौदाव्या वर्षी तिकडं गेला, तो तिकडचाच झाला. अकरावीला पोरगी गावी काका-काकूंकडे आली, तेव्हा तिची मराठी ऐकून वर्ग गार पडला होता. बापानं चौदाव्या वर्षी गावातून बांधून नेलेली जुनी, रांगडी मराठी. घरात जपून वापरलेली, आणि तिच्यात ठिगळासारखी लावलेली तमिळ. "पुस्तक गावलं न्हाई सर, अय्यो, काय करू आता," ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि वर्ग हसून लोळला. पुढं वर्षभर पोरं तिला 'सांबार' म्हणत.

ते हसू स्नेहलनं दारातून ऐकलं होतं. आणि तिला पुण्याच्या वसतिगृहातली मेस आठवली होती. ताटातल्या रश्श्याला ती 'कालवण' म्हणाली होती, आणि नऊ मुली एकदम हसल्या होत्या. त्या हसण्याला घाबरून तिनं वर्षभरात आपली जीभ घासून पुसून लख्ख केली. आता ती कुठेही बोलली तरी कुणी वळून बघत नसे.

हे शर्वरीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तिनं ठरवलं. रोज कॉलेज सुटल्यावर पोरगी तिच्या घरी यायची. एक वही केली होती. डाव्या बाजूला शर्वरी बोलते तो शब्द, उजव्या बाजूला बोलायला हवा तो. पोरगी हुशार, दिवाळीपर्यंत अर्धी वही भरली. आणि बोलता बोलता ती अडली, शब्द सापडेना झाला, की स्नेहल तो शब्द हळूच तिच्या हातात ठेवायची. पडणाऱ्याला हात द्यावा तसा. बाकीची मुलं पंधरा-वीस दिवस सरावाला आली आणि गेली, त्यांच्यावर तिचा ठसा बसायला वेळच मिळाला नाही. शर्वरी दोन वर्षं रोज आली. जिच्यावर तिनं सगळ्यांत जास्त माया केली, तिच्याच बोलण्यात एक थांबासुद्धा तिनं शिल्लक ठेवला नव्हता.

आणि शर्वरीला दुसरं दार नव्हतं. भट्ट्यांचं शास्त्र शिकवणारी संस्था एकच, आणि ती फक्त श्रोत्याच्या निकालावर प्रवेश द्यायची. "तिथं नाही झालं तर बापू म्हणतात, काकूंजवळ राहून कॉमर्स कर," तिनं एकदा सांगितलं होतं. "पण मॅडम, मला भट्टीच शिकायची आहे. बापूंच्या छातीत तो धूर बसलाय."

त्या दिवशी दुपारी दोघी स्नेहलच्या घराच्या कट्ट्यावर बसल्या. सरावाचा श्रोता मधे ठेवला होता. रेवा पायरीवर बाहुलीची वेणी घालत होती आणि कान इकडं होते.

"आता तू तुझ्यासारखं बोल," स्नेहल म्हणाली.

"म्हणजे कसं, मॅडम?"

"पहिल्यांदा आलीस तेव्हा बोलायचीस तसं."

शर्वरीनं जरा आठवून बघितलं. मग सरळ बसून म्हणाली, "मला भट्टीचं काम लई आवडतंय वो. ल्हानपणापासनं मी बापूसंगं तितं जात हुते."

यंत्रानं आकडा दाखवला. अडुसष्ट.

"वाढलं," स्नेहल म्हणाली.

"वहीतली डावी बाजू होती ती," शर्वरी ओशाळून म्हणाली. दोघींना हसू फुटलं, आणि दोघींचं एकदमच थांबलं.

"बोलताना मी तुमच्या तोंडाकडं बघते," थोड्या वेळानं शर्वरी म्हणाली. "तुम्ही मान हलवली की कळतं, बरोबर चाललंय."

स्नेहल पाठ फिरवून बसली. सत्तावन्न. ती उठून आत स्वयंपाकघरात गेली. पंचावन्न.

"तुम्ही आत ऐकताय हे मला माहीत आहे ना," शर्वरी बाहेरून म्हणाली.

"शर्वरीताई, माझी बाहुली पण ऐकतीये," रेवानं सांगितलं. "पण ती कुणाला सांगत नाही."

स्नेहल ओट्याला टेकून उभी राहिली. इतक्या मुलांना बोलतं केलं होतं तिनं. गप्प कसं राहायचं, हे तिला कधी करावंच लागलं नव्हतं.

बाहेर येऊन तिनं फेरअर्ज उघडला. केंद्र बदलता येत होतं. विटा खोडून तिनं सेलम लिहिलं. खाली भाषेचा रकाना होता: मराठी, किंवा मिश्र. पहिल्या अर्जात शर्वरीनं 'मिश्र'वर खूण केली होती आणि स्नेहलनंच ती काढायला लावली होती. 'मिश्र कशाला? किती छान बोलतेस आता.' तिला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. तिनं खूण परत केली.

"उद्या बापूंकडे जा," ती म्हणाली. "घरी राहा, भट्टीवर बस. तिथंच श्रोत्याशी बोल. आणि तोपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. काय बोलू म्हणूनसुद्धा विचारायचं नाही."

शर्वरीचा चेहरा उतरला. "राग आला तुम्हाला माझा."

"नाही गं."

"दोन वर्षं बोल बोल म्हणालात. आता गप्प म्हणताय."

स्नेहलला पुष्कळ समजावून सांगता आलं असतं. शब्द तोंडात तयारही होते, नीट विराम दिलेले. तिनं ते गिळले. शर्वरीनं चपला घातल्या. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. हे त्या पोरीला वही नसतानाही ठाऊक होतं.

"जाते," ती म्हणाली, आणि फाटकाची कडी न लावता गेली.

पुढचे दिवस स्नेहलला मोठे कठीण गेले. हात शंभरदा फोनकडे जायचा. पोचली का, जेवली का, बापूंचा खोकला कसा आहे. ती फोन पालथा घालून ठेवायची.

आणि एक नवीनच खोड लागली. ती स्वतःला ऐकायला लागली. एकदा रेवाला न्हाऊ घालताना पोरीनं कोपऱ्यातल्या झारीकडे बोट केलं. "आई, तिचं ते... ते... पाणी जिथून येतं ते..."

'तोटी' हा शब्द स्नेहलच्या ओठांशी आला होता. तिनं ओठ मिटून घेतले. रेवाच्या कपाळाला आठी पडली, डोळे वर गेले, बोट हवेत तसंच राहिलं. सेकंद गेला, दोन गेले. बादलीत नळ ठिबकत होता.

"पाण्याचं नाक," रेवा म्हणाली.

स्नेहल ओल्या हातांनी तशीच बसून राहिली. आजवर अशी किती नाकं आपण तोट्या करून टाकली, कुणास ठाऊक. पण तोटी शिकवायची नाही तर मग पोरीनं नळ दुरुस्त करणाऱ्याला काय सांगायचं?

त्या आठवड्यात ती घरात कमीच बोलली. नवरा अभिजित ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचा. चौथ्या दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "वारा पडल्यावर पठारावर असाच सन्नाटा असतो. कुठला भाग बदलायचा ते तरी सांग."

"मी बोलले की समोरचं माणूस माझ्यासारखं होतं," स्नेहल म्हणाली.

"मी बरा राहिलो की दहा वर्षं."

"तू ऐकतोस कुठं?"

"म्हणून म्हणतो," तो आमटीत भाकरी चुरत म्हणाला. "तोच उपाय आहे."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. पण रेवा हसली नाही. ती आळीपाळीनं दोघांकडे बघत होती.

"शर्वरीताई आपल्याकडं का येत नाही?" तिनं विचारलं.

"ती तिच्या बापूंकडे गेलीये. तिचा अर्ज परत आला ना, म्हणून."

"का परत आला?"

"ती माझ्यासारखं बोलली," स्नेहल म्हणाली. मुलीला खोटं सांगायचं नाही असा तिचा नेम होता, आणि त्या क्षणी यापेक्षा सोपं खरं तिला सुचलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी यादव सरांचा फोन आला.

"चौदा," ते म्हणाले. त्यांना पाल्हाळ जमत नसे.

"काय चौदा, सर?"

"ठसा तुमचा. चौदा टक्के. पोरगी नागपूरला लागली."

स्नेहल ओट्याशी पोळ्या लाटत होती. डोळे भरून आले, ते तिनं पदरानं नाही, हातातल्या पोळीच्या फडक्यानं पुसले. "चौदा राहिलाच म्हणजे," ती म्हणाली.

"राहणारच की, मॅडम. आपणबी कुणाचं तरी उष्टंच बोलतो. माझ्या बोलण्यात निम्मा आमचा हेडमास्तर आहे. वारून वीस वर्षं झाली." मग ते मुद्द्यावर आले. "तिनं तुम्हाला ऐकायची परवानगी दिलीय. नोंद धाडलीय बघा. फक्त तुमचंच नाव घातलंय तिनं. माझं न्हाई."

दुपारी जेवणं आवरल्यावर स्नेहल पलंगावर बसली. रेवा येऊन तिच्या कुशीत घुसली. स्नेहलनं तिला हाकललं नाही. आवाज सुरू झाला, आणि पहिल्या वाक्याला तिनं चुकून दुसऱ्याच कुणाची नोंद लावली की काय म्हणून फोन बघितला.

"आमच्या बापूची भट्टी म्हंजे... खोली हाय. दहा बाय दहा. भाईर बोर्ड हाय, तमिळमधी. बापूला तमिळ वाचाय येत न्हाई. बोर्ड उलटा लागला तरी त्याला कळायचं न्हाई." मग हसण्याचा आवाज. शर्वरी असं घशातून हसते, हे दोन वर्षांत स्नेहलला माहीत नव्हतं.

"सोनारांची माती येती. झाडलेली. तिच्यात सोनं अस्तं, दिसत न्हाई. ती जाळायची, मुशीत घालायची, टाकणखार टाकायचा. मग जाळ लावायचा. जाळाचा रंग असा... असा..."

शांतता. पाठीमागे कुठेतरी पंखा घरघरत होता. 'केशरी,' स्नेहलच्या मनात आपोआप आलं. जिभेवरसुद्धा आलं.

"अय्यो, त्याचं नाव न्हाई मला येत," शर्वरी म्हणाली. "मराठीत बी न्हाई, तमिळमधी बी न्हाई. आमच्या आईची एक साडी हाय, लग्नातली. धुऊन धुऊन तिचा काठ जसा झालाय ना, तसा रंग येतो. तसा आला की बापू मोजाय लागतो. ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु. पाचाला मूस उचलायची. तो चौदाव्या वर्षी तितं आला, काम तमिळमधी शिकला, म्हणून मोजतो तमिळमधी. देव मराठीत आठवतो. पोलिस आला की हिंदी."

रेवा खुदकन हसली. तिला काय कळलं कुणास ठाऊक.

"मागनं तेजाब घालत्यात. तांबडा धूर येतो. बापू खोकतो. खोकताना मोजणं चुकतंय त्याचं. तीनावरनं एकदम पाच. मग मूस लवकर उचलली जाती, पुन्हा सगळं पहिल्यापासनं. म्हणून आता मी मोजते, तो उचलतो. मी हितं आले तवा... मी विट्याला गेले तवा दोन वर्षं कोण मोजत हुतं, ते मी इचारलंच न्हाई त्याला. परवा इचारलं. म्हणाला, मनातल्या मनात तुझ्या आवाजात मोजत हुतो."



"मला अशी भट्टी करायचीय," शर्वरी म्हणाली, "का जितं मोजताना माणसाला श्वास आत घेता येईल. एवढंच हाय. ह्याच्यावर अजून काय सांगू?"

तिनं सांगितलं मात्र अजून पुष्कळ. शेवटाकडे श्रोत्यानं आपल्या सपाट, सभ्य आवाजात विचारलं, "तुला बोलायला कोणी शिकवलं?"

"बोलाय कोण शिकवतंय का?" मग लांब थांबा. "आमच्या मॅडमनी शिकवलं नीट बोलाय. मग म्हणाल्या, बोलू नको. मी रागावले लई. गाडीत पहिली रात सगळी रडत आले. पण हितं भट्टीवर बसल्यावर... नीट बोलाय शिकणं सोपं हुतं. न बोलता राहणं अवघड. मला बी, आन् मला वाटतं त्यांना बी."

नोंद संपली. फोनचा पडदा काळा झाला. गल्लीतून भांडी विकणारा हाळी देत गेला. स्नेहलचा हात रेवाच्या केसांतून नुसताच फिरत राहिला. शर्वरीला आता फोन करता येणार होता, आणि काय बोलायचं ते तिला अजिबात सुचत नव्हतं. तरी बरं वाटत होतं.

"आई," रेवा म्हणाली, "ओण्णु म्हणजे एक ना?"

"हो. तुला कसं कळलं?"

"ती पाचच म्हणाली ना. मी बोटं घातली." रेवानं पंजा उघडून दाखवला, मिटला. "शर्वरीताई पास झाली?"

"झाली. आता ती नागपूरला शिकायला जाणार."

"कारण ती तुझ्यासारखं नाही बोलली."

स्नेहल म्हणणार होती, तसं नाही गं, ती तिच्यासारखं बोलली म्हणून. पण ते वाक्य मनात म्हणून बघताच तिला त्याचा सूर ऐकू आला. समजावणारा. शेवटी किंचित खाली येणारा.

"थोडंसं तसंच," ती म्हणाली.

रेवा उठून बसली. झोपेनं चुरगळलेला फ्रॉक, गालावर उशीची घडी. कपाळाला पुन्हा ती आठी पडली होती. ती काहीतरी शोधत होती आणि स्नेहल या खेपेला नुसती वाट बघत राहिली. ओठ मिटून, हात मांडीत घेऊन, त्या लहानशा तोंडाकडे बघत.

"मी तर रोज तुझ्यासारखंच बोलते," रेवा म्हणाली. "मग मी कुणासारखं बोलू?"